मास्तर, यामा मना ओटा कोठे शे?

नगररचना हा शब्द दिसताच निम्मे वाचक पान उलटतील, ह्याची मला पुरती कल्पना आहे. फराळाचे ताट पुढ्यात असताना नकाशे आणि कलमे कोण वाचणार? परंतु ह्या विषयाची सर्वांत सुरस हकिगत दिवाळीचीच आहे, तेव्हा तेथूनच आरंभ करतो.

पहिले महायुद्ध चालू असताना होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस नावाच्या एका स्कॉटिश पंडिताला इंदूर शहराची पाहणी करण्यास बोलावले. शहरात प्लेग होता. गेडिस मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. पुढे 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. नकाशा काढण्याआधी हा गृहस्थ गल्लीबोळांतून दिवसेंदिवस पायी हिंडला. मग त्याने दिवाळीची मिरवणूक योजली आणि जाहीर केले की, जे रस्ते लोक सर्वांत स्वच्छ करतील त्याच रस्त्यांवरून ती जाईल. झाले! सारे गाव झाडू घेऊन उठले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता, आणि गळ्यात हार घातलेले सफाई कामगारही होते.

व्याख्याते मंडळी ही गोष्ट सांगतात आणि टाळ्या घेऊन खाली बसतात. माझे मन मात्र तेथे अडते. दुसऱ्या दिवशी त्या हारांचे काय झाले? सफाई कामगारांच्या हाती पुन्हा तोच झाडू आला असणार. लोकांना शहर सजविण्याची मुभा मिळाली, ते कसे असावे हे ठरविण्याचा अधिकार दरबारापाशीच राहिला. 1918 साली निघालेला गेडिस यांचा दोन खंडांचा अहवाल मी माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीच्या बळावर, कोशाचा आधार घेत वाचला. रुंद रस्त्याच्या हौसेपायी जुनी वस्ती सपाट करू नका, एखाददुसरे पडके घर काढून तेथे मोकळी जागा करा, झाड लावा, हा त्यातला उपदेश आजही शंभर नंबरी सोने आहे. तरीही तो अहवाल राजाला उद्देशून लिहिलेला आहे, रयतेला नव्हे, हे विसरून चालणार नाही.

आता राजा नाही. 1966 चा प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा आहे. त्यानुसार विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो आणि हरकती घेण्यास आमच्यासारख्या गावांतील नागरिकांना तीस दिवस मिळतात. मुंबईकरांनी हे शस्त्र कसे चालविले ते सर्वांना आठवत असेल. 2015 साली त्यांनी मसुद्यातल्या चुका इतक्या दाखविल्या की सरकारला तो नव्याने करावा लागला. पण तेथे नकाशा वाचणारे वकील आहेत, वास्तुविशारद आहेत. आमच्याकडे मास्तर असतो.

खानदेशातल्या एका वाढत्या गावी मी काही वर्षे शिकवीत होतो. गावाचे नाव घेत नाही. तेथे असाच एक मसुदा कचेरीच्या बोळात लावला होता. भाजी विकणाऱ्या एक आजी मला तेथे घेऊन गेल्या. रंगीत कागदावर बोट फिरवीत त्यांनी विचारले, “मास्तर, यामा मना ओटा कोठे शे?” ओटा कोठेच नव्हता. जेथे तो हवा होता तेथे पिवळा रस्ता होता. त्या ओट्यावर गल्लीतल्या बायका संध्याकाळी बसत, पोरे अभ्यास करीत, भांडणे मिटत. नकाशाला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ते त्याला कोणी सांगायला हवे होते. मी आजींना म्हणालो, “अर्ज मी लिहून देतो.” आणि सहामाहीचे पेपर तपासण्यात मुदत निघून गेली. पुढे रस्ता रुंद झाला. ह्यात इतरांचा दोष असेल तेवढा असो, माझा आहे तो मी येथे लिहून ठेवतो.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात ह्या बाबतीत एक नवलाची उफराटी स्थिती आहे. 1996 च्या पेसा कायद्यामुळे धडगावच्या डोंगरातला एखादा पाडासुद्धा स्वतःची ग्रामसभा मागू शकतो. उलट 74 व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समितीची सक्ती केली ती तीन लाख वस्तीच्या शहरांपुरती. 2011 च्या जनगणनेत नंदुरबार शहर लाखाच्या थोडे वर होते. म्हणजे पाड्याला सभा, आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या गल्लीला तीस दिवसांची मुदत! शहाणपण नेहमी शहरातून डोंगराकडे जाते अशी आमची समजूत आहे. येथे ते डोंगरातून खाली आणावे लागेल.

डोंगराची दुसरीही बाजू सांगायला हवी. सरदार सरोवराच्या पाण्याने अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 गावे बाधित झाली. तेथे घर म्हणजे आपापल्या शेतात, दुसऱ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पुनर्वसनाच्या गावठाणात भूखंड मात्र ओळीने आखलेले. शेजार बदलला की बोलण्याची रीतही बदलते. हाक मारावी लागत होती तेथे कुजबूज ऐकू येऊ लागते. रस्ता, नळ, शाळा ह्यांची किंमत मी कमी लेखत नाही. त्यासाठीही लोकांना झगडावे लागले. पण घरे कशी मांडावीत हे आराखडा आखणाऱ्याने आधी त्या अंगणांत बसून पाहावे, एवढे मागणे फार नाही.

आणि नंदुरबारचा माणिक चौक? 9 सप्टेंबर 1942 रोजी शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती गोळीबारात पडले, म्हणून ती जागा जागा झाली. कोणत्याही नकाशाने तिला मोठे केलेले नाही.

यंदा दिवाळीच्या सुटीचा अभ्यास म्हणून मी सातवीच्या मुलांना शुद्धलेखन दिलेले नाही. आपापल्या गल्लीचा नकाशा काढून आणा, असे सांगितले आहे. कोण कोठे बसते, सावली केव्हा कोठे पडते, पाणी कोठे तुंबते, मिरच्या कोठे वाळत घालतात, सारे दाखवायचे. एकाने विचारले, “सर, कुत्री दाखवायची का?” मी हो म्हटले आहे.