ठासलेला बार आणि हाताचा हिसका

मराठी रहस्यकथेत रिव्हॉल्वर 'कडाडतं'. ते कडाडतं आणि समोरचा कोसळतो. ज्याच्या हातात ते होतं त्याच्या मनगटाचं काय झालं, हे सहसा कुणी लिहीत नाही. अमेरिकेत मात्र विसाव्या शतकात असं लेखन झालं, ज्याचा सगळा जीव त्या मनगटात आहे. मॅग्नम रिव्हॉल्वरची काडतुसं घरी भरणाऱ्यांचं हे लेखन. बंदुकांच्या मासिकांत आलेलं, वरवर पाहता निव्वळ तांत्रिक. मी बंदूक वापरत नाही, याच्याकडे वाचक म्हणूनच पाहतो. आणि माझं म्हणणं एवढंच आहे, की हे लेखन स्वतःला ताकदीबद्दलचं समजतं, पण त्याचा खरा विषय 'किती झेपतं' हा आहे. जिथे ते हे विसरतं, तिथे ते खोटं वाटू लागतं.

आधी काम समजून घेऊ. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी टाकून द्यायची नाही. जुना प्रायमर काढायचा, पुंगळी साच्यातून दाबून मापात आणायची, नवा प्रायमर बसवायचा, दारू तोलून घालायची, वर शिशाची गोळी बसवायची आणि पुंगळीचं तोंड गोळीवर घट्ट आवळायचं. या आवळण्याला रिव्हॉल्वरमध्ये फार महत्त्व आहे. एक काडतूस उडतं तेव्हा बाकीची पाच चक्रात बसून तोच हिसका खातात. बंदूक मागे उसळते आणि त्यांच्यातल्या गोळ्या जडत्वामुळे जागीच राहू पाहतात. आवळणी सैल असेल तर त्या पुंगळीतून पुढे सरकतात आणि चक्र अडकू शकतं. म्हणजे हिसका फक्त हाताला बसत नाही, अजून न झाडलेल्या बारांनाही बसतो.

आता थोडा हिशेब. .४४ मॅग्नमची नेहमीची गोळी २४० ग्रेनची, म्हणजे साडेपंधरा ग्रॅमची. ती सेकंदाला १,४०० फूट वेगाने सुटते असं धरू. भरणाऱ्याने दारू कमी करून हा वेग ९०० फुटांवर आणला, तर वेग साधारण एक तृतीयांशाने घटतो. पण मागे येणाऱ्या रिव्हॉल्वरची ऊर्जा वेगाच्या वर्गाने घटते. नुसती गोळी मोजली तरी ती निम्म्याच्याही खाली येते. अर्थात गोळीची ऊर्जाही त्याच हिशेबाने कमी होते. फुकट काहीच मिळत नाही. समोर जितकं पाठवाल, तितक्याचं बिल मागे येतं. या वाङ्मयातला सगळा वाद त्या बिलाचा आहे.

हे बिल सर्वांत मोठ्या आवाजात नाकारणारा लेखक म्हणजे एल्मर कीथ (१८९९–१९८४). आयडाहोतल्या सॅमन गावाचा रहिवासी, बुटका, डोक्यावर भलीमोठी हॅट. त्याने .४४ स्पेशल हे जुनं काडतूस कित्येक वर्षं जास्त जोराने भरून पाहिलं आणि अशी ताकद कारखान्यातूनच मिळावी म्हणून मासिकांतून कंपन्यांचा पिच्छा पुरवला. १९५५ च्या अखेरीस रेमिंग्टन आणि स्मिथ अँड वेसन यांनी .४४ मॅग्नम आणलं. कीथची मागणी सुमारे १,२०० फुटांची होती. कारखान्याचं काडतूस त्याहून जोरकस निघालं. नव्या काडतुसाची पुंगळी स्पेशलपेक्षा जेमतेम तीन मिलिमीटर लांब ठेवली गेली, म्हणजे ते चुकूनही जुन्या, कमी ताकदीच्या रिव्हॉल्वरमध्ये बसणार नाही. उलट मॅग्नम रिव्हॉल्वरमध्ये स्पेशल काडतूस आरामात बसतं. म्हणजे ताकद कमी करण्याची सोय त्या हत्यारातच आहे.

कीथचं १९७९ चं आत्मचरित्र 'हेल, आय वॉज देअर!' शीर्षकापासूनच दम देतं: मी तिथे होतो, तुम्ही नव्हता. त्याचं गद्य ठासून भरलेलं आहे. हवा, घोडा, अंतर, गोळीचं वजन, सगळं नेमकं. तपशिलावर विश्वास असलेला लेखक म्हणून तो मला आवडतो. पण जखमी हरणावर ६०० यार्डांवरून रिव्हॉल्वरने गोळी झाडल्याची त्याची प्रसिद्ध गोष्ट वाचताना मी थांबतो. एवढ्या अंतरावर १,४०० फूट वेगाची गोळीसुद्धा आठ मीटरांहून जास्त खाली येते, म्हणजे नेम आभाळात धरावा लागतो. ती गोष्ट खरी की खोटी, यावर त्याचे चाहते आणि टीकाकार वर्षानुवर्षं भांडले. माझा आक्षेप वेगळा आहे. त्या गोष्टीत लागलेल्या गोळीला जेवढी जागा आहे, तेवढी चुकलेल्या गोळ्यांना नाही. खर्च लपवणारा जमाखर्च आपण घरातही चालवून घेत नाही.

याच पुस्तकात एक दुसरा कीथ आहे. लहानपणी मोंटानातल्या मिझुला इथे लागलेल्या आगीत तो भयंकर भाजला आणि डावा हात वाकडा होऊन आखडला. तो हात वडिलांकरवी मोडून सरळ बांधून घेतल्याचं तो सांगतो. ही पानं मला सगळ्या शिकारींपेक्षा मोठी वाटतात. ज्याला स्वतःचा हात पुन्हा मिळवावा लागला, त्याने पुढे आयुष्यभर हाताला किती सोसतं याचीच परीक्षा घेतली. हा धागा तो स्वतः ओढत नाही. वाचकाने ओढला, की त्याची बढाई वेगळी ऐकू येते.

सिनेमाने कीथची बढाई उचलली आणि हात सोडून दिला. 'डर्टी हॅरी' (१९७१) मध्ये क्लिंट ईस्टवूडच्या हातात .४४ मॅग्नम आलं आणि त्या रिव्हॉल्वरची मागणी वाढली. पण पडद्यावरच्या काडतुसात गोळी नसते, त्यामुळे म्हणण्यासारखा हिसकाही नसतो. तो अभिनयाने दाखवावा लागतो. गंमत म्हणजे १९७३ च्या 'मॅग्नम फोर्स' मध्ये हॅरीच सांगतो, की एवढ्या मोठ्या रिव्हॉल्वरमध्ये तो हलकी स्पेशल काडतुसं वापरतो, कारण त्याने ताबा राहतो. पहिल्या चित्रपटाचे संवाद लोकांना पाठ आहेत. हे वाक्य मात्र बहुधा काडतुसं भरणाऱ्यांनीच लक्षात ठेवलं. मला ते त्या दोन्ही चित्रपटांतलं सर्वांत प्रामाणिक वाक्य वाटतं.

ते वाक्य ज्याला शोभलं असतं तो लेखक म्हणजे स्कीटर स्केल्टन (१९२८–१९८८). टेक्सासचा, सीमेवरच्या गस्तीत आणि शेरीफ म्हणून नोकरी केलेला. 'शूटिंग टाइम्स' मध्ये त्याने .४४ स्पेशलची बाजू लावून धरली. त्याच्या नावाने ओळखला जाणारा बार हजार फुटांच्या आतला आहे. जड गोळी, मध्यम वेग. दुसरी गोळीही नेमावर झाडता यावी, हा हिशेब. त्याचं गद्यही तसंच आहे. डोब ग्रँट आणि जग जॉन्सन या पात्रांच्या त्याच्या गोष्टींत म्हातारे गप्पा मारतात, एकमेकांची टोपी उडवतात, आणि बंदूक टेबलावर पडून राहते. तिचा आवाज करायची घाई लेखकाला नसते.

आपल्या भाषेलाही हे काम परकं नाही. कोकणात शेतीच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक अजून आहे. 'बार ठासणं', 'बार काढणं', 'फुसका बार' हे शब्द त्याच कामाचे. पण पाहा, आपल्याकडे बार एक तर ठासलेला असतो, नाही तर फुसका. विचार करून, तोलून कमी भरलेल्या बाराला मराठीत नाव नाही. बोलण्यातही आपण ठासून सांगणाऱ्याला मान देतो आणि तोलून सांगणाऱ्याला 'मिळमिळीत' म्हणून मोकळे होतो. स्केल्टन वाचताना मला ही उणीव जाणवते.

नेमबाजीचे शिक्षक एक जुनी युक्ती वापरतात. शिकणाऱ्याच्या नकळत चक्रात एखादं रिकामं काडतूस ठेवतात. घोडा पडतो, बार होत नाही, तरीही नळी खाली झुकते. हिसक्याची भीती हिसक्याच्या आधीच हातात येऊन बसलेली असते. जड बारांच्या सवयीने ही दचक वाढते आणि मग ताकद कितीही असो, गोळी भलतीकडेच जाते. गद्याचंही असंच होतं. प्रत्येक वाक्याने वाचकाला हादरवायचं ठरवलेला लेखक पुढच्या वाक्याआधीच दचकू लागतो, आणि नेम चुकतो. म्हणून कीथला मी कौतुकाने वाचतो, पण विश्वास ठेवायची वेळ आली की स्केल्टनकडे जातो. त्याने बिल आधी वाचलेलं असतं, दारू नंतर तोललेली.