तीस गुणांची प्रश्नपत्रिका

म्हातारपणी विसराळूपणा वाढला आणि डॉक्टरांना स्मृतिभ्रंशाची शंका आली, की ते रुग्णाला काही साधे प्रश्न विचारतात. आज वार कोणता? हे गाव कोणते? आता सांगितलेले तीन शब्द पुन्हा सांगता येतील का? दहा मिनिटांत चाचणी संपते आणि गुण मिळतात. शिक्षकांना गुण, उत्तीर्णतेची रेषा आणि प्रश्नपत्रिका यांचा सराव असतो. तेव्हा या प्रश्नपत्रिकेचीच परीक्षा घेऊन पाहू या.

या प्रकारची सर्वांत प्रसिद्ध चाचणी म्हणजे 'मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन'. फोल्स्टीन पती-पत्नी आणि मॅक्ह्यू या अमेरिकी डॉक्टरांनी ती १९७५ साली प्रसिद्ध केली. एकूण गुण ३०. त्यांची विभागणी अशी : काळ व स्थळ यांचे भान १०, तीन शब्द लगेच उच्चारणे ३, शंभरातून सात-सात वजा करीत जाणे ५, तेच तीन शब्द थोड्या वेळाने आठवणे ३, भाषा व आकृती ९. चोवीसहून कमी गुण मिळाले तर शंका घ्यावी, असा सर्वसाधारण प्रघात आहे.

या चाचणीचे गुण आधी मान्य केले पाहिजेत. तिला उपकरण लागत नाही. त्याच व्यक्तीची वर्षभराने पुन्हा चाचणी घेतली तर घसरण दिसू शकते. तीन शब्द काही मिनिटांनी आठवायला सांगणे हा प्रश्न तर फारच नेमका आहे. अल्झायमरच्या आजारात मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाला लवकर इजा होते आणि नवी आठवण साठवणे अवघड होते. जुन्या आठवणी मात्र बराच काळ टिकतात. उमरीतील नव्वदीचे आजोबा १९४८ सालच्या बँकेच्या लुटीची किंवा १९७२ च्या दुष्काळाची हकिगत बारकाव्यांसह सांगतील, पण सकाळी काय जेवले ते त्यांना सांगता येणार नाही. अशा वेळी घरातले म्हणतात, "यांना तर सगळं आठवतं!" आणि तपासणी लांबणीवर पडते. इतक्या महत्त्वाच्या प्रश्नाला तीसपैकी केवळ तीन गुण आहेत.

आता दोष पाहू. सात-सातची वजाबाकी (५), लिहिलेली सूचना वाचून कृती करणे (१), एक वाक्य लिहिणे (१), एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढणे (१). हे आठ गुण बहुतांशी शाळेत मिळालेल्या सवयींचे आहेत. ज्या आजींनी पाटी-पेन्सिल हाती धरली नाही, त्यांचे हे आठ गुण गेले आणि उरलेली सर्व उत्तरे अचूक आली, तरी बेरीज २२ होते. म्हणजे त्या शंकेच्या रेषेखालीच! हा केवळ कागदी हिशेब नाही. अमेरिकेतील १८,०५६ प्रौढांच्या पाहणीत (१९९३) नऊ वा अधिक वर्षे शिकलेल्यांचा मध्यांक २९ होता, तर शून्य ते चार वर्षे शिकलेल्यांचा २२. आज ऐंशी ओलांडलेली मराठवाड्यातील स्त्री निजामी राजवटीत जन्मली. तिला शाळा मिळाली नाही, हा तिच्या मेंदूचा आजार नव्हे.

भाषांतराने अडचण सुटत नाही. इंग्रजी शब्दाची अक्षरे उलट क्रमाने सांगा, हा वजाबाकीला पर्याय असलेला प्रश्न घ्या. मराठीत काना-मात्रा-वेलांटी कोणत्या अक्षराबरोबर उलटायची? "आपण कितव्या मजल्यावर आहोत?" हा प्रश्न बैठ्या घरात विचारण्यात काय अर्थ? तारीख विचारल्यावर आजींनी "आज एकादशी" असे बरोबर सांगितले, तर गुण द्यायचा की नाही?

या अडचणींवर आपल्याच देशात काम झाले आहे. मेरी गांगुली व सहकाऱ्यांनी हरियाणातील बल्लभगडच्या ग्रामीण वृद्धांसाठी चाचणीचे हिंदी रूप तयार केले (१९९५). त्यात वजाबाकीऐवजी वार उलटे सांगायचे, सूचना वाचण्याऐवजी समोरच्याची कृती पाहून तशीच करायची, लिहिण्याऐवजी एक वाक्य बोलायचे. याउलट २००५ सालची 'मोका' चाचणी बारा किंवा कमी वर्षे शिकलेल्या सर्वांना सरसकट एक गुण वाढवून देते. बारावी झालेला आणि शाळेची पायरी न चढलेली, दोघांना तोच एक गुण!

समजा, चाचणी सुधारली. तरी गणित उरतेच. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढील १०० पैकी सुमारे ७.४ जणांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे हजारांत ७४. एखादी चाचणी शंभर आजाऱ्यांपैकी ८५ ओळखते आणि शंभर निरोगींपैकी ८५ जणांना निरोगी ठरवते, असे धरू. मग ७४ पैकी ६३ जण सापडतील, पण ९२६ निरोगींपैकी सुमारे १३९ जणही अडकतील. अडकलेल्या २०२ पैकी खरे आजारी ६३, म्हणजे तिघांत एकच. हे उदाहरण दहावीच्या वर्गात जरूर सोडवून घ्यावे.

उलट बाजूही आहे. निवृत्त मुख्याध्यापक २८ गुण मिळवतील आणि तरीही आजाराची सुरुवात झालेली असेल. म्हणून गुणांच्या जोडीला घरच्यांची साक्ष हवी. जन्मभर केलेला स्वयंपाक आता चुकतो का? शेतावरून परतताना वाट चुकते का? बाजारात सुट्या पैशांचा हिशेब जमेना झाला का? पूर्वी जमत होते आणि आता जमत नाही, हा फरक शाळेवर अवलंबून नसतो. शिवाय ऐकू न येणे, दृष्टी मंदावणे, नैराश्य, थायरॉइडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही गुण घटतात. यांतील बहुतेकांवर उपाय आहेत. कमी गुणांकडे बोट दाखवून "वय झालं" म्हणणे म्हणूनच घातक आहे.

आमचे मत असे : ही चाचणी टाकाऊ नाही, पण ती निदान नव्हे. तपासणीचे दार कोणासाठी उघडावे, एवढेच ती सुचवते. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी गावातील वृद्धांवर ती 'प्रकल्प' म्हणून वापरू नये, कारण एकदा चिकटलेला शिक्का पुसला जात नाही. त्याऐवजी घराघरांतील बदल ओळखायला शिकवावे आणि शंका आल्यास नांदेड-लातूरच्या शासकीय रुग्णालयाचा रस्ता दाखवावा. नापास झालेल्या मुलाबद्दल चांगला शिक्षक आधी विचारतो, "आपण नेमके काय तपासले?" आजी-आजोबांच्या बाबतीतही तोच प्रश्न विचारायला हवा.