मृत साल्मन मासा आणि संशोधनातील सार्थकता

मेंदूचे कोणते भाग एकाच वेळी कार्यरत होतात व त्यांत कोणती जोडणी असते, हे कार्यात्मक एम.आर.आय. तंत्राने अभ्यासले जाते. या तंत्रातून मिळणारे रंगीत चित्र हे संख्याशास्त्रीय अनुमान असते, याचा मात्र अनेकदा विसर पडतो. क्रेग बेनेट, अ‍ॅबिगेल बेअर्ड, मायकेल मिलर व जॉर्ज वोलफर्ड या संशोधकांनी २००९ मध्ये मांडलेला प्रयोग या दृष्टीने चिकित्सेस पात्र ठरतो.

या संशोधकांनी एक मृत साल्मन मासा यंत्रात ठेवला, त्यास माणसांची छायाचित्रे दाखविली आणि चित्रातील व्यक्तीची भावना ओळखण्यास सांगितले. प्रतिमेतील ८०६४ व्हॉक्सेल, म्हणजे सूक्ष्म घनाकृती घटक, तपासण्यात आले. ०.००१ या सार्थकता पातळीवर त्यांपैकी १६ घटक ‘सक्रिय’ आढळले. एवढ्या चाचण्यांत सुमारे आठ होकार निव्वळ योगायोगानेही संभवतात. बहुविध तुलनांसाठी आवश्यक दुरुस्ती करताच एकही सक्रिय घटक उरला नाही.

या प्रयोगास २०१२ मध्ये विनोदी संशोधनाचे इग नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि, त्यावरून मेंदू-प्रतिमांचे सर्वच संशोधन निरर्थक मानणे योग्य नाही. लेखकांचा आक्षेप दुरुस्ती टाळणाऱ्या विश्लेषणावर आहे. प्रयोगाची मर्यादाही स्पष्ट आहे. तो खोटा होकार दाखवितो. अतिकठोर निकषामुळे खरा परिणाम हातचा जाण्याचा धोका त्यातून दिसत नाही. शिवाय, दुरुस्तीची पद्धतही सदोष असू शकते. अँडर्स एकलुंड व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ४९९ निरोगी व्यक्तींची माहिती वापरून प्रचलित संगणक प्रणाली तपासल्या. पाच टक्के अपेक्षित असता खोट्या होकारांचे प्रमाण काही पद्धतींत ७० टक्क्यांपर्यंत आढळले. मूळ माहिती इतरांसाठी खुली होती, म्हणूनच ही तपासणी शक्य झाली.

हा प्रश्न केवळ मेंदूविज्ञानाचा नाही. एका प्रश्नावलीवर ०.०५ पातळीवर वीस चाचण्या घेतल्यास, प्रत्यक्षात काहीही संबंध नसताना, सरासरी एक ‘सार्थक’ ठरतेच. उरलेल्या एकोणीस चाचण्यांचा उल्लेख न करता तेवढीच प्रबंधात मांडली, तर मार्गदर्शक व परीक्षक दोघांचीही दिशाभूल होते. म्हणून किती चाचण्या घेतल्या हे नमूद करणे आणि मूळ माहिती पडताळणीस उपलब्ध ठेवणे, हे संशोधकाचे प्राथमिक कर्तव्य ठरते.