घेणाऱ्याची कविता

सुरतेत धर्मादाय संस्थांची वाण नाही, आणि दात्यांच्या नावांच्या संगमरवरी तक्त्यांचीही नाही. दवाखान्याच्या पायरीपाशी, पाणपोईच्या कपाळावर, बागेतल्या बाकाच्या पाठीवर कोणाचे ना कोणाचे नाव असतेच. इथल्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमात कोणी देणगीचा धनादेश दिला, की विंदा करंदीकरांची 'घेता' ही कविता हमखास म्हटली जाते. आम्हीही ती अशा प्रसंगी दोन-चार वेळा म्हटली आहे. अलीकडे ती सावकाश वाचली, तेव्हा ध्यानात आले की आम्ही ती भलत्याच माणसाला ऐकवत होतो.

शीर्षकच पाहावे. कविता दात्याची नव्हे, घेणाऱ्याची आहे. देणाऱ्याला मोजक्या शब्दांत वाटेला लावून विंदा घेणाऱ्याकडे वळतात, आणि पुढचे सारे सांगणे त्यालाच आहे. माळरान, सह्याद्रीचा कडा, ढग, पृथ्वी, समुद्र यांच्याकडून त्याने काय काय मिळवावे याची ती यादी भीमेपाशी येते आणि तिथे तुकोबांना जाऊन भिडते. यांतल्या एकाही दात्याला आपण देत आहोत याची खबर नाही. कड्यावर तक्ती नाही. शिवाय घेण्यालाही पात्रता लागते. ढगाकडून काही घ्यायचे तर आधी मान वर करावी लागते. शेवटी घेणारा देणाऱ्याचे हातच घेतो. याचा थट्टेखोर अर्थही लावला जातो, की सर्वस्व लुबाडून वर हातही तोडून न्यावेत! विंदांच्या मिस्कीलपणाला तो अगदीच परका वाटत नाही. तरी घेणाऱ्याने स्वतः दाता व्हावे हा रूढ अर्थच खरा. त्याला आम्ही एवढीच पुस्ती जोडू, की हे हात मनमोकळेपणाने घेत आलेल्यालाच लाभतात. घेताना अंग चोरणारा त्या ओळीपर्यंत पोचतच नाही.

हे आम्हांला पुस्तकातून कळले नाही. राज्य सरकारच्या नोकरीत आम्ही देण्याच्या बाजूच्या खुर्चीवर बसत होतो. मदतीच्या याद्या, कॅशडोलची पत्रके, त्यांवर आमची सही. खिशातला पैसा जात नव्हता, तरी समोरचा माणूस हात जोडी आणि आम्हांला बरे वाटे. हे बरे वाटणे म्हणजेच देण्यातला आनंद, अशी आमची कित्येक वर्षांची समजूत होती.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेले पाणी घेऊन तापी शहरात शिरली. अडाजणमधले आमचे तळमजल्यावरचे घर बुडाले आणि आम्ही वरच्या शेजाऱ्यांच्या आश्रयाला गेलो. तिसऱ्या दिवशी मागच्या चाळीतला एक खानदेशी भाजीवाला छातीभर पाण्यातून आला. त्याची हातगाडी पहिल्याच रात्री वाहून गेली होती. डोक्यावरच्या पातेल्यात त्याने भाकरी आणि पाण्याच्या दोन बाटल्या आणल्या होत्या. आम्ही जिन्यातून म्हणालो, "भाऊ, आधी दुसऱ्यांना द्या, आमचे चालेल." तो म्हणाला, "घ्या ना साहेब, हात भरून आला माझा." त्या नकारात आमचे औदार्य नव्हते, खुर्ची होती. दोन दिवस आमच्या पोटात धड अन्न नव्हते.

त्या भाकरीमुळेच कवितेविषयी आमचा एक आक्षेप आहे. विंदांचे दाते निसर्गातले. शाल दिली म्हणून माळ उघडा पडत नाही. भाजीवाल्याच्या घरच्या भाकरी मात्र तेवढ्या कमी झाल्या. देताना माणसाची जी झीज होते, ती या कवितेत जवळजवळ नाही; शेवटी हातांपाशी तिचा ओझरता स्पर्श होतो, इतकेच. विंदांना ती ठाऊक नव्हती असे नव्हे. ज्ञानपीठासह पुरस्कारांच्या मोठाल्या रकमा त्यांनी लोकोपयोगी कामांना देऊन टाकल्या, हे सर्वश्रुत आहे. कवीने आयुष्यात सोसले ते कवितेत असलेच पाहिजे असा नियम नाही. पण प्रत्येक देणगीसमारंभात आपण हीच कविता म्हणणार असू, तर तिच्यात काय नाही तेही पाहावे.

ती झीज पाहायची तर आमच्या शहरातल्या अश्विनीकुमार घाटावर यावे. मरणोन्मुख कर्णापुढे कृष्ण याचक होऊन आला, कर्णाने सोन्याचा दात उपटून त्याला दिला आणि कुमारी भूमीवर दहन व्हावे एवढे मागितले. तशी तिळभर जागा याच तापीकाठी सापडली, आणि तिथे कृष्णाने त्याचे दहन आपल्या तळहातावर केले, असे इथले लोक सांगतात. व्यासांच्या महाभारतात हे नाही. पण ज्या कोणी ही कथा रचली, त्याला विंदांच्या शेवटच्या ओळीची दुसरी बाजू दिसली होती असे आम्हांस वाटते. इथे घेणाराच देणाऱ्याखाली आपला हात धरतो, आणि तो हात भाजतो.

त्या दिवाळीत आम्ही भाजीवाल्याच्या खोलीवर फराळाचा डबा घेऊन गेलो. 'कशाला, साहेब' वगैरे तो काही म्हणाला नाही. डबा घेतला, झाकण उघडले आणि उभ्या उभ्या चकली मोडून तोंडात टाकली. हजारो पत्रकांवर सह्या करून जे वाटले नव्हते, ते त्या दारात वाटले. रिकामा डबा मात्र त्याने दुसऱ्या दिवशी परत केला तो वाटाण्याच्या शेंगांनी भरून, आणि या खेपेस आम्ही 'कशाला' म्हटले नाही.