चाल उचलली, पण बँड कुठून आला?

सी. रामचंद्रांवरचा आरोप जुनाच आहे: पाश्चात्त्य चाली उचलल्या. 'समाधी'तलं (१९५०) 'गोरे गोरे' हे 'चिको चिको' या अमेरिकी गाण्यावर बेतलंय, हे खरंच. पण मी ध्वनिशास्त्रात पीएचडी करते म्हणून असेल, मला त्यात चाल हा सगळ्यात कमी इंटरेस्टिंग भाग वाटतो. चाल शिट्टीवरही घरी नेता येते. बँडचा आवाज तसा नेता येत नाही.

'अलबेला'तलं (१९५१) 'शोला जो भडके' हेडफोन लावून ऐका. (डहाणू लोकलमध्ये बोईसरपर्यंत ते कितीही वेळा ऐकून होतं.) बोंगो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ट्रम्पेट. आमच्या पालघर-बोईसरकडच्या वरातीत बँडवाले कानाने वाजवतात, त्यामुळे सगळे ट्रम्पेट मिळून एकच चाल काढतात. डान्स ऑर्केस्ट्रात तसं नसतं. तिथे चार जण एकाच क्षणी चार वेगळे सूर लावतात आणि त्यातून एक भरीव आवाज तयार होतो. हे नुसत्या कानावर जमत नाही, प्रत्येकासमोर त्याचा त्याचा लिहिलेला कागद लागतो.

हा कागद वाचणारे होते गोव्याचे वादक, चर्चच्या शाळांत नोटेशन शिकून मुंबईला आलेले. १९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकी व्हायोलिनवादक आपला जॅझ बँड घेऊन 'ताज'मध्ये आला. पुढे गोवेकरांचे स्वतःचे बँड उभे राहिले. आल्दोन्याचा अँटोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, हॉटेलात नाचणाऱ्यांसाठी ट्रम्पेट वाजवायचा आणि स्टुडिओत सी. रामचंद्रांचा साहाय्यक असायचा. 'अलबेला'त तो बँडसकट पडद्यावरही दिसतो. दारूबंदीने (कायदा १९४९चा) हॉटेलांतलं काम आटलं, तसे बरेच जण सिनेमाकडे वळले.

मात्र एक गोष्ट स्टुडिओच्या दाराबाहेरच राहिली: ऐनवेळी सुचेल ते वाजवणं. जॅझचा जीवच तो! अमेरिकेत पॉल व्हाइटमनने १९२०च्या दशकात जॅझ कागदावर उतरवून नाचघरात नेला, तेव्हाही टीकाकारांची हीच तक्रार होती. आपल्याकडे हे जास्त खटकतं, कारण रागसंगीतालाही उपज काही नवी नाही. स्टुडिओत सुचेल ते वाजवणाऱ्या दोन परंपरा समोरासमोर आल्या आणि दोघीही तीन मिनिटांच्या तबकडीसाठी गप्प बसल्या.

आणि हे कागद लिहिणाऱ्यांची नावं? अँथनी गोन्साल्विस हे नाव आपल्याला पाठ आहे ते 'अमर अकबर अँथनी'च्या (१९७७) गाण्यामुळे. ते गाणं संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूंना केलेला सलाम होता, हे मला लॅबमध्ये विचारल्यावर एकालाही माहीत नव्हतं.