मोरजीचे रशियन पान

पेडणे तालुक्यातील मोरजी हे मोरजाईदेवीचे गाव. चोर्ला घाट उतरून तेथे जाणाऱ्या बेळगावकरास किनाऱ्यावर रशियन पाट्या दिसतात. पानात बीट-कोबीचे बोर्श्त नि खिम्याचे पेल्मेनी, सोबत व्होडका आणि रात्री कर्कश संगीत. परदेशस्थास त्याच्या घरचा घास द्यावा, हा आतिथ्यधर्मच होय. दोष आहे तो यजमानाच्या संकोचात. काळा पाव आंबवून केलेले क्वास पिणाऱ्यास आपली नाचणीची आंबील परकी का वाटावी? जत्रेतील दशावतार रात्रभर रंगतो. त्याची रशियन पाटी मात्र मला कोठे आढळली नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० नंतर उघड्यावरचे ध्वनिक्षेपक बंद होतील. अभिरुची काही कायद्याने येत नाही. पाहुण्यास त्याचेच ताट वाढून परत धाडणे, हे अर्धेच आतिथ्य.