शीतसंलयनाचे इतिहासग्रंथ

२३ मार्च १९८९ रोजीं अमेरिकेंतील यूटा विद्यापीठांत फ्लाइशमन व पॉन्स या रसायनज्ञांनीं, जड पाण्यांत ठेवलेल्या पॅलेडियमच्या कांडींत साध्या उष्णमानावर अणुगर्भांचें संलयन होऊन उष्णता निघते, असें जाहीर केलें. प्रयोग इतरत्र भरंवशानें उतरेना, म्हणून बहुसंख्य शास्त्रज्ञांनीं तो त्याज्य ठरविला. या प्रकरणाच्या इतिहासांपैकीं मॅलोव्ह (१९९१) व हायझेंगा (१९९२) यांचे ग्रंथ आम्ही बखरीच समजतों. पहिले पक्षाभिमानी, दुसरे १९८९ च्या सरकारी चौकशी समितीचे सहाध्यक्ष, तेव्हां त्यांचा इतिहास म्हणजे स्वतःच्या निवाड्यावरील भाष्य.

फ्रँक क्लोज यांचें ‘टू हॉट टू हँडल’ (प्रिन्स्टन आवृत्ति, १९९१) मात्र निराळें. गॅमा किरणांच्या आलेखाचें शिखर आधीं २.५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टवर दाखविलें होतें, तें छापील निबंधांत २.२ वर आलें. हा पाठभेद त्यांनीं ताडून दाखविला आहे. त्याच निबंधाच्या शुद्धिपत्रांत हॉकिन्स हें तिसरें कर्तृनाम मागाहून पडलें, हेंहि पोथ्या चाळणारांनीं ध्यानीं घ्यावें! परंतु एमआयटीच्या जुलै १९८९ मधील दोन मसुद्यांतले उष्णतेचे आलेख जुळत नाहींत, असा आक्षेप मॅलोव्ह यांनींहि घेतला. म्हणजे जो तो प्रतिपक्षाच्याच पोथीचे पाठभेद काढतो. उभय पक्षांच्या प्रती एकत्र मांडल्या पाहिजेत. आणि त्यांत अय्यंगार व श्रीनिवासन यांनीं संपादिलेला, ट्रिटियम सांपडल्याचें सांगणारा, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा डिसेंबर १९८९ चा अहवालहि अस्सल कागद म्हणून तपासला पाहिजे.